साधा दागिना करायचाय? मग या चुका टाळा

"ताई, मला एकदम मिनिमल काहीतरी शिकवा, सोपं, आजच घालून घरी जाता येईल असं." माझ्याकडे दागिने शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणींची सुरुवात याच वाक्याने होते आणि दरवेळी मला तेच सांगावं लागतं, की साधा दागिना हा सगळ्यात शेवटी जमणारा प्रकार आहे. भरगच्च नेकलेसमध्ये वाकडा जोड, ओरखडा, जास्तीची झाळ (जोड सांधायला वितळवतात तो धातू), सगळं खपून जातं, इकडे एक मणी तिकडे एक घुंगरू लावलं की कुणाचं लक्ष जात नाही. पण चांदीची एकच पट्टी वाकवून कडं केलं तर त्यात लपवायला जागाच नसते. माझं काम वर्षागणिक साधं होत गेलंय, आधी खडे, मीना, घुंगरं, तीन-तीन पदर, आता बरेचदा एक तार, एक वळण आणि एखादा मोती, आणि एकेक गोष्ट काढत गेले तसतसं उरलेल्या गोष्टीवरचं काम वाढतच गेलं. त्यामुळे हल्ली "साधं" या नावाखाली जे काय बाजारात आणि प्रदर्शनात दिसतं ते बघून राहवत नाही, म्हणून हे लिहितेय.

कडी ओढून उघडणे

सगळ्यात आधी ही, कारण ही चूक बघून मी खरंच थकलेय. जोडकडी, म्हणजे तुम्ही जिला जंप रिंग म्हणता ती, दोन्ही टोकं दोन बाजूंना ओढून उघडायची नसते. तशी उघडली की तिचा गोल आकार जातो आणि परत कितीही दाबा, तो येत नाही, फट राहतेच.

माझ्या एका विद्यार्थिनीने भावाच्या लग्नात वहिनीला द्यायला नेकलेस केला होता. दिसायला छान होता, मधे चांदीचं पदक, खाली मण्यांची नऊ लटकनं. रिसेप्शनला वहिनीने तो पैठणीवर घातला आणि फोटोसाठी मान वळवली तेव्हा एका लटकनाची कडी पदराच्या जरीत अडकली. तिने सोडवायला ओढलं, तर जरीचा धागा असा सरकत बाहेर आला की बुट्टीतल्या मोराची मानच विस्कटली. पोरगी दुसऱ्याच आठवड्यात नेकलेस घेऊन माझ्यापुढे, डोळ्यात पाणी. आम्ही तो टेबलावर ठेवून भिंगाखाली बघितला. कड्या २२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) मऊ तारेच्या, साइड कटरने कापलेल्या. साइड कटर तारेचं एक टोक सपाट कापतो आणि दुसरं चिमटल्यासारखं टोकदार ठेवतो, हे तिला माहीत नव्हतं आणि जिथून ती शिकली त्या व्हिडिओत सांगितलेलंही नव्हतं. म्हणजे प्रत्येक कडीत एक फट आणि त्या फटीत एक बारीक नख. बरं, फट दिसते हे तिलाही कळलं होतं, म्हणूनच तिने प्रत्येक कडीवर एक-एक बारीक मणी बसवला होता. मी विचारलं, हे सगळे मणी डिझाइन म्हणून आहेत की कडी झाकायला? गप्पच बसली. मग आम्ही सगळी लटकनं काढली. खाली जे राहिलं, पदक आणि साखळी, तेच जास्त सुंदर दिसत होतं, फक्त दोन जोड नीट करायचे होते.

माझी सवय सांगते. तार सळईवर गुंडाळून स्प्रिंग करायची आणि कड्या कटरने न तोडता २/० नंबरच्या बारीक पात्याच्या करवतीने कापायच्या, दोन्ही टोकं सपाट येतात. उघडताना दोन पकडी, एक हात पुढे आणि एक मागे, टोकं एकमेकांजवळून सरकली पाहिजेत. बंद करताना टोकं किंचित एकमेकांच्या पुढे नेऊन परत आणायची, म्हणजे तारेतला ताण टोकांना एकमेकांवर दाबून धरतो आणि बोटाला बारीकसा "टिक" जाणवतो. मग कडी उजेडासमोर धरायची, प्रकाशाची रेघ दिसली तर परत. आणि शेवटी तयार दागिना जुन्या जॉर्जेटच्या ओढणीवर घासून बघायचा. एक धागा जरी अडकला तरी तो दागिना घराबाहेर जात नाही. वजन पेलणारी कडी असेल तर झाळूनच टाका, कंटाळा करू नका.

फटीत झाळ भरणे

झाळ म्हणजे लांबी, म्हणजे पुट्टी, नव्हे. भिंतीच्या चिरेत भरतात तशी ती भरायची नसते. दोन कडा एकमेकींना पूर्ण टेकलेल्या असल्या की झाळ आपोआप त्या बारीक सांध्यात ओढली जाते, कडा टेकल्या नसल्या तर वरच्यावर गोळा होऊन बसते. आणि नवशिकी पोरं काय करतात, तर आणखी एक तुकडा टाकतात, मग आणखी एक, मग कानशीने घासत बसतात आणि शेवटी अंगठी एका बाजूला पातळ होते. नक्षीच्या अंगठीत हे कळत नाही. साध्या अंगठीत काही महिन्यांनी तिथे वेगळ्या रंगाची रेघ उमटते, कारण झाळेतला धातू आणि अंगठीचा धातू सारखे काळे पडत नाहीत.

आणि आंच झाळेवर नका मारू हो, धातूवर मारा. झाळ उष्णतेकडे धावते. सगळा तुकडा सारखा तापला की ती क्षणात चमकून पसरते, तेव्हा लगेच टॉर्च बाजूला. टाकणखार (बोरॅक्स) लावायला विसरलात तर झाळ पसरणारच नाही, नुसतं काळं पडेल.

४०० वरून थेट बफवर उडी

आता माझा दुसरा आवडता, म्हणजे नावडता विषय. पॉलिश पेपर. कानशीचे ओरखडे ४०० च्या पेपरने जातात, पण ४०० चे स्वतःचे ओरखडे असतात, ते ६०० ने घालवायचे, मग ८००, मग १२००, आणि मग बफ, म्हणजे चमक आणणारं फिरतं कापडी चाक. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, आधी आडवं घासलं असेल तर आता उभं, आणि आधीची एकही रेघ दिसेनाशी झाल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. एवढंच आहे. यात काही गुपित नाही, फक्त वेळ लागतो आणि नेमका तोच कुणाला द्यायचा नसतो. ४०० वरून डायरेक्ट बफवर गेलात तर ओरखडे जात नाहीत, ते चमकायला लागतात. साध्या कड्यावर उन्हात बघा, आरशावर तारेच्या घासणीने घासल्यासारखं दिसतं.

मग शॉर्टकट निघतो, "ताई, ऑक्सिडाइज करून टाकू." नाही. काळा रंग ओरखड्यातच जाऊन बसतो आणि जे दिसत नव्हतं तेही दिसायला लागतं. ऑक्सिडाइज नक्षीची खोली दाखवण्यासाठी असतं, तिथे ते फार सुरेख दिसतं, पण आळस झाकायला त्याचा उपयोग नाही.

इथेच अजून एक गोष्ट, कारण ती कळायला लोकांना फार वेळ लागतो. आपण वापरतो ती ९२५ चांदी म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक वेळा तांबं. तापवल्यावर आत शिरलेल्या ऑक्सिजनने हे तांबं पृष्ठभागाच्या खाली काळवंडतं, आणि पॉलिश करता करता अचानक करडे-जांभळट ढग दिसायला लागतात. सपाट, साध्या तुकड्यावर ते फारच खटकतात, आणि घालवायचे तर पुन्हा खालपर्यंत घासावं लागतं. उपाय आधीच करायचा. बोरिक पावडर, कॅरमवर टाकतो तीच, स्पिरिटमध्ये कालवायची, तुकडा त्यात बुडवून काढायचा, स्पिरिटची बाटली बंद करून लांब ठेवायची (हे विसरू नका, मी गंमत करत नाहीये) आणि मग तुकड्यावरचं स्पिरिट पेटवून द्यायचं. ते जळून गेलं की पांढरा थर राहतो, तो तांब्याला हवा लागू देत नाही. मग झाळकाम.

कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, ज्या काकांकडे मी कानस धरायला शिकले, ते कुठलाही दागिना हातात घेतला की आधी उलटा करायचे. पुढची बाजू बघायचेच नाहीत. मागून अंगठा फिरवायचे, कुठे खरखरलं की बोलायचे काही नाहीत, नुसता परत द्यायचे. मी अजून तेच करते, फक्त मी बोलते.

पटापट काही

तापवून काळी झालेली चांदी साफ करायच्या आंबट पाण्यात, मग ते तुरटीचं असो की सायट्रिक ॲसिडचं, लोखंडी चिमटा घालू नका. सगळ्या चांदीवर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो. लाकडी किंवा तांब्याचा चिमटा ठेवा. आणि ते भांडं परत स्वयंपाकात नको.

कानातल्याची तार २० गेज, म्हणजे साधारण ०.८ मिमी. टोक गोल घासलेलं हवं. स्वतःच्या कानात घालून बघा, मगच द्या.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने अनेकांचे कान सुजतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला आधी सांगा. चांदीच्या शेजारी ठेवून नुसतं "सिल्व्हर" लिहिणं मला पटत नाही.

चांदीचा दागिना रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने काळा पडतो.

नुसतं कमी केलं म्हणजे साधं झालं असं वाटणे

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून एक तयार पदक आणायचं, तयार साखळीत अडकवायचं आणि म्हणायचं मिनिमल. यात काम कमी झालं, डिझाइन कुठेय? आपल्याकडची ठुशी बघा. नुसते गोल मणी, एकाला एक चिकटून. त्यात मणी एकसारखे नसतील किंवा ओवणी सैल असेल तर बाकी काहीच नाही जे तिला वाचवेल. तन्मणी घ्या, मोत्यांचे सर आणि खाली एक खोड, म्हणजे पदक. त्या खोडाचं वजन असं असतं की सर सरळ रेषेत खाली येतात, हलकं झालं तर ते फिरतं, जड झालं तर मान दुखते आणि दोरा लवकर झिजतो. या बायका-माणसांनी पिढ्यान्पिढ्या घातलेल्या वस्तू आहेत, त्यातलं नको ते कधीच गळून गेलंय. आधी त्या हातात घेऊन बघा, शक्य असेल तर आजीच्या पेटीतल्या, आणि पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्याकडे, थोडा वेळ बसा, तो गाठ कशी मारतो आणि कुठे लपवतो ते बघा. फोनवरच्या फोटोत गाठ दिसत नाही.

डिझाइन करताना मी काढत जाते. कागदावर सगळं मनासारखं भरून घ्यायचं, मग एकेक गोष्ट बोटाने झाकून बघायची. झाकल्यावर काही फरक पडला नाही तर ती खोडायची. झाकल्यावर दागिना बिचारा दिसायला लागला की थांबायचं, ती गोष्ट ठेवायची. पण हे जमण्यासाठी आधी ती गोष्ट करता यायला हवी. ज्याला खडा बसवता येत नाही त्याने "मला खडे आवडत नाहीत" म्हणणं वेगळं, ते मला पटकन कळतं. म्हणून माझ्याकडे आधी खडा बसवायला शिकावंच लागतं, नंतर तो कधीच वापरला नाही तरी चालेल.

आणि किंमत. "एवढं साधं आणि एवढे पैसे?" हे गिऱ्हाईक विचारणारच. तेव्हा घाबरून किंमत उतरवू नका आणि समजूत काढायला एखादं घुंगरूही लटकवू नका. दागिना उलटा करून त्यांच्या हातात द्या, मागचा जोड शोधायला सांगा.

सुरुवात काय घेऊन करू असं विचारणाऱ्यांसाठी: २० गेजची तांब्याची तार, दोन पकडी, एक करवत, पाती जरा जास्तच आणा कारण ती तुटणार आहेत, आणि चारही नंबरचे पॉलिश पेपर. आधी नुसत्या कड्या करा. उजेडासमोर धरून एकीतूनही रेघ दिसत नाही इथपर्यंत आलात की मग चांदी विकत घ्या.