रेसिंग इंजिनासाठी ॲल्युमिनियम निवडताना आधी तापमान बघा

कॅटलॉगमधला ताकदीचा सर्वांत मोठा आकडा बघून मिश्रधातू निवडला की फसगत ठरलेली. 7075-टी6 (7075 हा मिश्रधातूचा नंबर, टी6 म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) खोलीच्या तापमानाला सुमारे 570 मेगापास्कल ताण सोसतो. तोच 200 अंश सेल्सिअसला बराच काळ राहिला तर जेमतेम पाचवा हिस्सा ताकद उरते. म्हणून आधी कागद घ्या आणि प्रत्येक भागापुढे तो किती तापतो ते लिहा.

मग पिस्टन. डोकं इथेच सर्वांत जास्त खर्च करा. फोर्ज केलेल्या, म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनला मुख्यतः दोन पर्याय: 4032 आणि 2618. 4032 मध्ये सुमारे 12 टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो कमी फुगतो आणि रिंगांच्या खाचा लवकर झिजत नाहीत. 2618 मध्ये सिलिकॉन नावापुरतं. पण तो उष्णतेत टिकतो (कॉन्कॉर्ड विमानाचा पत्राही याच कुळातला) आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) झालं तर तडकण्याऐवजी चेपतो. टर्बो किंवा नायट्रस (जादा ताकदीसाठी इंजिनात सोडलेला नायट्रस ऑक्साइड वायू) असेल तर मी डोळे झाकून 2618 घेईन. रस्त्यावरही चालवायची, टर्बो नसलेली गाडी असेल तर 4032.

आता हिशेब. 100 मिलिमीटरचा पिस्टन 200 अंशांनी तापला तर 2618 सुमारे 0.45 मिलिमीटर फुगतो, 4032 सुमारे 0.39. फरक अक्षरशः केसाएवढा, पण 2618 ला बोअरमध्ये (पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या भोकात) तेवढी जास्त जागा सोडावीच लागते. म्हणूनच थंड इंजिन सुरुवातीला खडखडतं. घाबरू नका, मात्र गरम होईपर्यंत रेस करू नका. जुन्या पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली ही मोकळी जागा) नव्याला लावू नका. बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, मायक्रोमीटरने स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची बाजू, मोजा.

सिलिंडर हेडसाठी ए356-टी6 चं ओतकाम पुरतं. पण वेल्डिंग केलंत तर त्या जागेचं टी6 गेलं समजा; पुन्हा हीट ट्रीटमेंट हवी. ब्रॅकेटला 6061. 7075 पुली आणि ड्रॅग रेसच्या कनेक्टिंग रॉडला चालतो, फक्त प्रत्येक रनची नोंद ठेवा आणि ठरलेल्या रन झाल्या की रॉड दिसायला ठणठणीत असले तरी बदला.

बिलेट (भाग कोरून काढायचा भरीव ठोकळा) घेताना मिल सर्टिफिकेट, म्हणजे धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा. विक्रेता ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ एवढंच म्हणाला तर नंबर विचारा. नंबर सांगता आला नाही तर दुसरं दुकान गाठा.