वर्डमध्ये भरायचा फॉर्म: ठिपक्यांच्या रेघा आता पुरे

मुंबईतल्या कितीतरी हाउसिंग सोसायट्यांचे फॉर्म अजून ठिपक्यांच्या रेघांवर चालतात. कागदावर ते ठीक आहे. तीच फाइल सभासदांना पाठवली, की टाइप करताच ठिपके पुढे सरकतात, ओळी विस्कटतात आणि शेवटी प्रिंट काढून पेनानेच भरावं लागतं. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये यावर चांगला उपाय आहे. भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म करून पाहू.

आधी फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे जाऊन उजव्या यादीत 'डेव्हलपर'वर टिक करा. मग दोन रकान्यांचा टेबल घाला, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. टेबल हवाच, पत्ता लांबला तरी चौकट खाली वाढते, मांडणी मोडत नाही.

आता उत्तराच्या चौकटीत कर्सर ठेवून डेव्हलपर टॅबमधून कंट्रोल, म्हणजे उत्तर भरायची तयार जागा, घाला. नावाला प्लेन टेक्स्ट, कराराच्या तारखांना डेट पिकर. विंगसाठी मात्र ड्रॉप-डाउन लिस्टच घ्या. मोकळी जागा दिली की कुणी 'ए' लिहितं, कुणी 'ए विंग', कुणी नुसतं 'अ', आणि नंतर यादी करणाऱ्याचे हाल होतात. ही लिस्ट निवडून त्याच टॅबमधल्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅड' दाबून पर्याय एकदाच भरून ठेवा. 'पोलिसांकडे नोंद केली का?' याला एकच चेक बॉक्स देऊ नका. तो रिकामा राहिला तर उत्तर 'नाही' आहे की प्रश्न वाचलाच नाही, कसं कळणार? इथेही 'हो' आणि 'नाही'ची यादी द्या. चेक बॉक्स जोडलेल्या कागदपत्रांसाठी ठेवा.

डेव्हलपर टॅबमधला डिझाइन मोड चालू करून चौकटींतली इंग्रजी सूचना काढा आणि तिथे 'भाडेकरूचं पूर्ण नाव, करारात आहे तसं' असं सोप्या मराठीत लिहा. यावर वेळ खर्च करा, घरातले ज्येष्ठ याच ओळीच्या आधारे फॉर्म भरतात. टायपिंग युनिकोडमध्येच हवं, म्हणजे मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवरही नीट दिसेल.

डिझाइन मोड बंद करून रिव्ह्यू टॅबमधल्या 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'मध्ये 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडा, संरक्षण सुरू करा, पासवर्ड द्या. आता प्रश्नांना कुणाचा चुकून धक्का लागणार नाही. पण हे कुलूप मजकूर लपवत नाही, फाइल उघडणाऱ्या कुणालाही भरलेली माहिती वाचता येते. भरलेले फॉर्म सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न मागवता थेट सेक्रेटरींच्या ईमेलवर मागवा.

फाइल 'वर्ड टेम्प्लेट' म्हणून सेव्ह करा. डबल-क्लिक केलं की दर वेळी नवी कोरी प्रत उघडते.