लेगोचा सेट, कार्टूनचे हीरो आणि न पेटणारे दिवे: या चुका टाळा

गणपतीच्या मखराची माळ पेटेनाशी झाली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मला बोलावणं येतं. दोन-तीन वर्षांपासून त्यात लेगोच्या, म्हणजे प्लास्टिकचे ठोकळे जोडून बांधायच्या सेटमध्ये बसवायच्या दिव्यांची भर पडली आहे. "काका, किट डिफेक्टिव्ह निघालं," म्हणत पोरं आख्खा सेट परातीत ठेवून लिफ्टने घेऊन येतात. बहुतेक वेळा किट धडधाकट असतं. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी करायचं ते राहून गेलेलं असतं आणि शेवटचं काम पहिल्यांदा उरकलेलं असतं.

भिंती उभ्या झाल्यावर वायरिंग

दिव्यांची ही किट सहसा ठोकळे बनवणाऱ्या कंपनीची नसतात. दुसऱ्याच कंपन्या ठरावीक सेटच्या मापाने ती काढतात आणि ती वेगळी विकत घ्यावी लागतात. मग होतं असं, की सेट बांधून होतो, शोकेसमध्ये बसतो, महिनाभर आल्यागेल्याला दाखवून होतो आणि त्यानंतर कुणाला तरी दिव्यांची हौस येते. आता छप्पर काढा, वरचा मजला उचला, आतली खुर्ची कुठे होती ते आठवा. प्लास्टर झाल्यावर कन्सील वायरिंग करायला निघण्यासारखंच हे. दिवे घ्यायचे नक्की असेल तर सेटबरोबरच घ्या आणि बांधता बांधता वायर टाकत जा.

वायर शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक असते. ठोकळ्यावरच्या दोन गोल बटणांच्या मध्यांत ८ मिलिमीटर अंतर असतं आणि बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर. म्हणजे मधे ३.२ मिलिमीटरची गल्ली उरते. वायर त्या गल्लीतूनच गेली पाहिजे. ती बटणावर चढली आणि वरून पट्टी दाबली, की एक तर पट्टी एका बाजूने उचललेली राहते, नाही तर वायर चेचते. भाच्याच्या निन्जा मंदिरात मी स्वतः हे केलं आहे. पट्टी बसेना म्हणून अंगठ्याने जोर दिला, टक्‌ आवाज आला, बरं वाटलं. दिवे लावले तर खालचा मजला अंधारात. उघडून पाहिलं तर एका जागी वायर पोह्यासारखी चपटी झालेली. भाचा म्हणाला, "मामा, तू तर एक्स्पर्ट होतास ना?"

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक लडी बसवण्याआधी पेटवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण आठ लड्या आत गाडून झाल्यावर त्यातली मेलेली शोधायला रविवार जातो. जोडणीच्या पिनांना सुलटी-उलटी बाजू असते. एका बाजूने धातूच्या दोन पट्ट्या दिसतात, ती बाजू किटच्या कागदावर दाखवली असेल तशीच आली पाहिजे. सहज जात नसेल तर पालथी करून बघा, जोर लावू नका. आणि काढताना वायरीला धरून ओढायचं नाही. नखाने किंवा टूथपिकने पिनेचं प्लास्टिक मागे ढकलायचं. तुटलेल्या लडीचं बहुधा हेच कारण निघतं.

पेटतात आणि विझतात

ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. दिवे लागतात, अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप बंद. किट परत करण्याआधी एकच प्रश्न विचारतो, पॉवर बँकेवर लावलंय का? एवढेसे एलईडी इतकी कमी वीज घेतात की अनेक पॉवर बँकांना वाटतं फोन भरून झाला, आणि त्या स्वतःला बंद करून घेतात. साध्या भिंतीतल्या चार्जरवर तेच दिवे रात्रभर जळतात.

चार्जरचाही एक घोळ आहे. हल्लीच्या चार्जरला टाइप-सीचंच तोंड असतं. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या काही स्वस्त डब्यांना सी-टू-सी केबलने (दोन्ही टोकांना टाइप-सी) वीज मिळतच नाही. घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये जुना, चपट्या चौकोनी तोंडाचा यूएसबी चार्जर असतोच, त्यावर लावून बघा. तरीही नाही पेटले तर सगळ्या लड्या काढा आणि एकेक करून जोडा. जी जोडल्यावर बाकीच्या विझतात, ती बिघडलेली.

सेलवर चालणारा डबा असेल तर मुंबईची हवा लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग सेलच्या डब्यातल्या धातूच्या पट्ट्या कशा सुटतील? सेल गळून पट्टीवर पांढरी पूड धरली असेल तर कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसा, मग ओल्या काडीने, मग पूर्ण वाळू द्या. गणपतीला गावी जाताना गॅसबरोबर सेलही आठवणीने बंद नव्हे, काढूनच ठेवा.

बटणासारखे चपटे सेल असतील तर मात्र मी गंमत सोडून सांगतो. त्या डब्याला स्क्रूचं झाकण नसेल आणि घरात लहान मूल असेल, तर ते किट घरात आणू नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

"हा तो लॉइड नाहीये!"

कार्टून बघून सेट मागणारी मुलं आणि आधी शब्द देऊन मग शोधायला निघणारे मामा-काका ही जोडी ठरलेली. लेगोच्या निन्जांचं 'निन्जागो' हे कार्टून २०११ साली सुरू झालं, मूळ मालिका २०२२ पर्यंत चालली आणि २०२३ पासून 'ड्रॅगन्स रायझिंग'मध्ये अ‍ॅरिन आणि सोरा ही नवी मुलं आली. पोरं हे सगळं मोबाइलवर वाटेल त्या क्रमाने बघतात आणि दहा वर्षांपूर्वीचा ड्रॅगन मागतात. सेट मात्र साधारण दीड-दोन वर्षं दुकानात राहतात, मग बंद होतात. नंतर उरतो तो पुन्हा विकणाऱ्यांकडचा माल, तोही चढ्या भावाने. म्हणून हो म्हणण्याआधी त्या सेटचा नंबर शोधा आणि तो अजून मिळतो का ते बघा.

नुसता रंग सांगूनही भागत नाही. 'काय' नावाचा निन्जा लाल, 'जे' निळा, 'कोल' काळा, 'लॉइड' हिरवा, हे मलाही पाठ आहे. पण दर सीझनला त्यांचे कपडे बदलतात. एकदा क्रॉफर्ड मार्केटमधून ऐटीत हिरवा निन्जा घेऊन गेलो, तर भाच्याने खोका न उघडताच निकाल दिला. तेव्हापासून फोटो पाठवून 'हाच ना?' विचारतो. खोक्याच्या मागच्या चित्रातली बाकीची वाहनंही आत असतात असं समजू नका, ते वेगळे सेट असतात.

त्याच गल्ल्यांत अगदी तसाच दिसणारा माल पाव किमतीत मिळतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो आधी बघा. सगळाच स्वस्त माल टाकाऊ असतो असं मी म्हणणार नाही. पण अस्सल आणि नक्कल एकाच भिंतीत मिसळू नका. १९५८ साली पेटंट घेतलेल्या लेगोच्या ठोकळ्यावर आजचा ठोकळा बसतो. नकलेत एक घट्ट तर दुसरा सैल, आणि मधून वायर गेली की ती भिंत उभी राहत नाही.

बांधतानाच्या किरकोळ चुका

सगळ्या पिशव्या एकदम फोडू नका, नंबर त्यासाठीच दिलेत. पीस स्टीलच्या वाट्यांत घ्या, पडला की आवाज येतो. "एक पीस कमी आहे" असं वाटलं तर आधी मागचं पान बघा, बहुधा सारख्याच रंगाचा दुसरा तिथे चुकून लागलेला असतो. पिवळ्या बल्बखाली काळा आणि गडद करडा ओळखू येत नाहीत. दातांनी ठोकळे सोडवू नका. सेटमधलं नारिंगी अवजार त्यासाठीच असतं. धूळ बसली तर मेकअपचा कोरडा ब्रश. धुवायचेच असतील तर दिवे काढून, हाताने, ४० अंशांच्या आतल्या पाण्यात. पश्चिमेच्या खिडकीत पांढरे ठोकळे पिवळे पडतात, तिथे शोकेस नको.

आणि मोझॅकच्या लादीवर पारदर्शक पीस हरवला तर झाडू मारू नका. खोलीतले दिवे घालवा, पंखा बंद करा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा. पीस दिसणार नाही, त्याची सावली दिसेल.