वाढीव खोली आधी चुन्याने आखून पाहा

वडोदऱ्यात दांडिया बाजारासारख्या जुन्या वस्तीतील घर वाढवायचे ठरले की, नवी खोली मागच्या अंगणात काढावी की माडीवर, यावर घरात महिनोन्महिने चर्चा चालते, कारण कागदावरच्या नकाशावरून सर्वांनाच जागेचा अंदाज येतो असे नाही.

आम्हांला उपयोगी पडलेली रीत अशी आहे.

१. अंगणात खोलीची बाहेरची रेषा चुन्याच्या फक्कीने प्रत्यक्ष मापाने आखावी आणि तिच्या आत ९ इंचांवर, भिंतीची जाडी म्हणून, दुसरी रेषा आखावी. बाहेरून १० बाय १२ फुटांची खोली आतून साडेआठ बाय साडेदहा फूटच भरते. आत खाट मांडली की आजींना काठी घेऊन वळता येते का, हे तिथल्या तिथे कळते.

२. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर भिंत येणार असेल, तर त्या रेषेवर आठ दिवस जाड सतरंजी बांधून ठेवावी. भरदुपारी ओट्यावर दिवा लावावा लागला, तर जागा बदलावी.

माडीचा निर्णय मात्र असा घेऊ नये. जुन्या विटांच्या भिंती वाढीव भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया उकरून पाहिल्याशिवाय वर एकही वीट चढवू नये.