पांढरा कापूस, काळी म्हैस आणि हिस्टोग्राम : या चुका टाळा

फोटो नीट आला की नाही, हे कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून ठरवणे ही एक्स्पोजरमधली (फोटोत किती उजेड घ्यायचा ते ठरवण्यातली) सर्वांत सर्रास होणारी चूक आहे, आणि विदर्भातल्या उन्हात तिची किंमत जास्त मोजावी लागते. मे महिन्यात भर दुपारी धुऱ्यावर उभे राहून पाहिले, तर व्यवस्थित आलेला फोटोही पडद्यावर काळवंडलेला दिसतो. म्हणून आपण एक्स्पोजर वाढवतो आणि घरी संगणकावर पाहतो तेव्हा आभाळ पांढरेफटक झालेले असते. झाडीपट्टीतल्या रात्रीच्या नाटकाला नेमके उलटे घडते, कारण अंधारात पडदा लखलखतो आणि कमी उजेडाचा फोटोही छान वाटतो. हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या छटा मोजून कॅमेरा दाखवतो त्या आलेखावर, मात्र बाहेरच्या उजेडाचा काहीच परिणाम होत नाही.

या आलेखात डाव्या टोकाला गडद काळा (०) आणि उजव्या टोकाला शुद्ध पांढरा (२५५) असतो. त्या त्या छटेचे पिक्सेल किती आहेत, ते उंचीवरून कळते. आलेखाचे शिखर वरच्या चौकटीला टेकले म्हणून अनेक जण घाबरतात, पण त्यात काहीही बिघडलेले नसते. लक्ष ठेवायचे ते डाव्या-उजव्या कडांवर.

दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली आहे : आलेखाचा डोंगर मधोमध आला म्हणजे फोटो उत्तम, ही समजूत. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे असे धरून चालतो. जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीने चौकट भरली, की तो उजेड कमी करतो. डोंगर मधोमध येतो खरा, पण कापूस मळकट, राखाडी दिसतो. हाच मीटर तळ्याकाठच्या काळ्याभोर नागपुरी म्हशीला करडी करून टाकतो. कापसासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवावे आणि डोंगर उजवीकडे सरकू द्यावा, म्हशीसाठी एक स्टॉप कमी करून तो डावीकडे जाऊ द्यावा. नाटकाच्या फोटोत तर बहुतांश आलेख डाव्या भिंतीशी साचलेला आणि उजेडातल्या चेहऱ्यांचा एक लहानसा उंचवटा उजव्या बाजूला, असे असणेच योग्य असते. म्हणून आलेख पाहण्याआधी, समोरच्या दृश्यात पांढरे किती आणि काळे किती, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

उजव्या भिंतीला आलेख चिकटला, म्हणजे तेवढ्या भागातला तपशील गेला आणि जेपेगमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून साठवलेल्या नेहमीच्या फोटो-फाइलमधून) तो परत मिळत नाही. तरीही दरवेळी तो वाचवण्याचा आटापिटा करू नये. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर चमकणारा सूर्य पांढराच दिसायला हवा. त्याच्यासाठी अख्खा फोटो अंधारात ढकलणे शहाणपणाचे नाही. खरा धोका वेगळाच आहे. पोळ्याच्या गर्दीत सजवलेल्या पांढऱ्या गवळाऊ बैलाचा उन्हातला खांदा चौकटीचा अगदी लहान भाग व्यापतो, त्यामुळे तो पूर्ण जळाला, म्हणजे तपशील जाऊन पांढराफटक झाला, तरी आलेखाच्या उजव्या कडेला केसाएवढी रेघच दिसते आणि ती नजरेतून सुटते. हिस्टोग्राम प्रमाण सांगतो, जागा सांगत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यातली हायलाइटची सूचना सुरू ठेवावी, म्हणजे फोटो पाहताना जळालेला भाग लुकलुकतो. तो बैलाच्या अंगावर लुकलुकत असेल, तर एक्स्पोजर एक-तृतीयांश स्टॉपने कमी करत पुन्हा फोटो घ्यावा.

फुललेल्या पळसाच्या बाबतीत एकरंगी आलेख सरळ फसवतो. एकूण उजेडाचा आलेख भिंतीपासून लांब असतो, पण लाल रंग आधीच टोकाला पोहोचलेला असतो आणि पाकळ्यांचा मखमली पोत जाऊन केशरी डाग उरतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख स्वतंत्र दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की कॅमेरा दाखवतो तो आलेख सहसा जेपेगवर बेतलेला असतो, त्यामुळे भडक पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंगांची ठरावीक मांडणी) ठेवली तर रॉमध्ये तपशील शिल्लक असूनही आलेख भिंतीला टेकलेला दिसू शकतो. फ्लॅश वापरताना फोटो काढण्यापूर्वी दिसणाऱ्या आलेखावर विसंबू नये, कारण फ्लॅशचा उजेड त्यात धरलेला नसतो.

एकाच वेळी दोन्ही भिंतींना टेकलेल्या आलेखावर कॅमेऱ्याची बटणे दाबून उपाय सापडत नाही. भरदुपारी वेचणी करणाऱ्या बाईचा पदराच्या सावलीतला चेहरा आणि तिच्या ओटीतला उन्हातला कापूस यांतला फरक इतका मोठा असतो, की एक राखायला गेले तर दुसरे जाते. अशा वेळी फोटो रॉमध्ये घेऊन कापसाचा तपशील राखावा आणि चेहरा नंतर उजळावा, मात्र सावली फार उचलली तर तिच्यात दाणे (नॉइज) दिसू लागतात. जमल्यास पांढरा गमछा ताणून चेहऱ्यावर उजेड परतवावा किंवा तिरपे ऊन पडेल तेव्हा, सकाळी लवकर, शेतात जावे.