ज्येष्ठांनो, फोनवर या चुका टाळा

खात्यातून पैसे गेले की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'ओटीपी दिलातच कशाला?' पण पुष्कळदा ओटीपी कुणाला सांगितलेलाच नसतो. तो चोरानं परस्पर वाचलेला असतो, आणि ते कसं घडतं हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: 'गॅसचं बिल थकलं आहे, आज रात्री कनेक्शन बंद होईल.' कधी विजेचं बिल असतं, कधी गाडीचं चलन, पेन्शनरांना हयातीचा दाखला. खाली एक फाईल. तिच्या नावाचा शेवट नीट वाचा. 'डॉट एपीके' असेल तर ते बिल नव्हे, ॲप आहे. उघडलं की फोन आधी बजावतो, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. घाईत दोन्हीकडे 'अलाऊ' दाबलं की बँकेचा प्रत्येक मेसेज चोराकडेही पोचतो. बिलाची शंका आली तर जुन्या कागदी बिलावरच्या नंबरवर फोन करा. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे भामट्यांचेही नंबर पेरलेले असतात.

चुकून दाबलं गेलंच, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना ते बघा. शेजाऱ्यांच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. नुसतं ॲप काढून भागत नाही. आलेल्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, मगच जाणत्या माणसाकडून फोन फॉरमॅट करून घ्या आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आता 'डिजिटल अरेस्ट'. आपल्या कायद्यात असली अटकच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे अशोकस्तंभ, तुमचा आधार नंबरही तो बिनचूक सांगतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगाल तर त्यांनाही अटक होईल.' एफडी मोडायला बँकेत पाठवतात तेव्हा उत्तरही पढवून ठेवतात: 'विचारलं तर घर घ्यायचंय म्हणा.' काउंटरवरची मुलगी खोदून विचारत असेल, तर ती तुमच्या बाजूची आहे. तिला खरं सांगा. कॉल मध्येच तोडल्यानं कुठलाही गुन्हा होत नाही. तोडा आणि समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवा.

माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती मात्र नंतरची चूक, गप्प बसण्याची. 'मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल' या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पसरतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तातडीनं कळवलं तर वाटेतच ते गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक तुमची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुलांनो, आई-बाबांवर ओरडू नका हो. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

तक्रारीसाठी व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक लागतो. यूपीआयचा असेल तर तो १२ अंकी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. चोराशी झालेलं चॅट रागानं पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, बँकेचं स्टेटमेंट घ्या आणि सोबत कुणाला तरी घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुंबईत खास सायबर पोलीस ठाणीही आहेत. तुमचा भाग कुठल्या ठाण्याकडे येतो, ते जवळच्या पोलीस ठाण्यातच विचारा.