घरातून व्यवसाय सुरू करताय? आधी झोन तपासा

शिलाई मशीन एक असेपर्यंत कुणी काही विचारत नाही. तिसरं मशीन आलं, दोघी कामाला येऊ लागल्या, दारावर पाटी लागली, की खालच्या मजल्यावरून पहिली तक्रार येते. शहराच्या कोणत्या भागात, म्हणजे झोनमध्ये, काय चालेल हे ठरवणारे नियम शोधायला तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून सुरुवात कोऱ्या कागदापासून करा. दिवसभरात तुमच्या उंबरठ्यावरून काय काय ये-जा करणार ते लिहा: गिऱ्हाइकं किती, किती वाजता, त्यांच्या गाड्या कुठे लागणार, माल कशातून येणार, मशीन रात्री किती वाजेपर्यंत घरघरणार. झोनिंगला, म्हणजे या नियमांना, तुमच्या कमाईशी फारसं देणंघेणं नसतं. भिंतीपलीकडे काय जाणवतं, ते हे नियम बघतात. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभरासाठी असे नियम केले, त्यामागे एका अजस्र इमारतीची आजूबाजूला पडणारी सावली हेही एक कारण होतं.

मग नगररचना विभागाच्या नकाशावर आपला प्लॉट शोधा. शेजारच्या गल्लीत दुकानं आहेत म्हणून आपल्याकडेही चालेल, असं धरू नका. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे झोन असू शकतात. निवासी भाग बऱ्याच नकाशांत पिवळा असतो, पण नकाशावरची रंगांची सूची वाचल्याशिवाय रंगावर जाऊ नका.

आता नियमावली. आपल्या झोनमध्ये कोणते वापर थेट चालतात, कोणते अटींवर आणि कोणते अजिबात नाही, ते पाहा. खरी मेख अटींत असते. व्यवसाय करणारा त्याच घरात राहणारा हवा, बाहेरचे कामगार अमुक इतकेच, पाटी एवढीच, ज्वलनशील माल नको. घराचा ठरावीक हिस्साच वापरता येतो, अशीही अट बरेचदा असते. तिथे अंदाज नको, टेप घेऊन खोली मोजा. माल ठेवलेला माळा त्या हिश्श्यात धरतात का, हेही विचारा.

काउंटरवर 'चालतं हो, सगळेच करतात' एवढं ऐकून घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोसायटीचे नियम, भाडेकरार आणि व्यवसायाचा परवाना ही निराळी प्रकरणं. झोनची परवानगी तिथे कामाला येत नाही.

अटींवरच्या परवानगीसाठी कुठे कुठे शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकतात. तशी नोटीस त्यांच्या हातात पडण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा, आणि मशीन किती वाजता बंद होणार तेही सांगा.